गोल मारणारीचा पगार

मैदानावरच्या लेकी : भाग ५

बीडमधल्या एखाद्या मोठ्या मैदानावर पहाटे गेलात, तर धावणाऱ्या मुली हमखास दिसतील. बहुतेकींचं लक्ष पोलीस भरतीवर असतं : आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. निवड झाली की घरात पगार सुरू होतो आणि मैदान बहुधा तिथेच सुटतं. मणिपूरच्या एका मुलीचं नेमकं उलट झालं. पोलीस खात्याच्या नोकरीमुळेच तिचं मैदान टिकलं. तिचं नाव न्गांगोम बाला देवी. मागच्या भागात आपण फुटबॉलमधली गोलरक्षक पाहिली. आज समोरच्या टोकाची स्ट्रायकर.

नव्वद मिनिटांत स्ट्रायकरच्या वाट्याला गोलच्या चांगल्या संधी दोन-तीनच येतात. तिचं बरंचसं काम चेंडू पायात नसताना चालतं. ती बचावपटूच्या खांद्यामागे अशी उभी राहते, की त्या बिचारीला चेंडू आणि ती, दोन्ही एका नजरेत सापडू नयेत. आपली मधल्या फळीतली खेळाडू पास द्यायला मान वर करते, त्या क्षणी स्ट्रायकर निघते. अर्धं पाऊल आधी निघाली तर ऑफसाइड, अर्धं पाऊल उशिरा निघाली तर बचावपटू पुढे. मग येतो पहिला स्पर्श. त्यात चेंडू जागीच थांबवायचा नसतो, पुढचा फटका मारता येईल अशा जागी ढकलायचा असतो. सरावात समोर रोजची मैत्रीण असते आणि तिच्या सवयी पाठ झालेल्या असतात. त्यामुळे ही जाण येते ती अनोळखी बचावपटूंविरुद्ध सामने खेळूनच.

आपल्या मुलींकडे यासाठी लागणारी चपळाई नाही, असं कुणी म्हणू नये. खो-खोतली हुलकावणी, खांबाजवळचा झटकन वळसा, एका पायावर तोल सांभाळून दिशा बदलणं, हे सगळं स्ट्रायकरच्या कामाचंच आहे. जानेवारी 2025 मध्ये पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातलीच. म्हणजे अंगात कसब आहे. कमी पडतात ते सामने, आणि त्या सामन्यांच्या काळात घर चालवणारा पैसा.

बाला देवीचा जन्म 1990 चा, बिष्णुपूर जिल्ह्यातल्या इरेंगबाम गावचा. लहानपणी ती मुलांबरोबर खेळली आणि पंधराव्या वर्षी भारताकडून खेळू लागली. मणिपूरनं महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद विसाहून अधिक वेळा जिंकलंय. तिथे गावोगावी क्लब आहेत आणि पोलिसांचा स्वतःचा महिला संघ आहे. 2018-19 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये याच मणिपूर पोलीस संघाकडून तिनं 26 गोल केले. जानेवारी 2020 मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबनं तिच्याशी दीड वर्षाचा करार केला आणि तिला दहा नंबरची जर्सी दिली. परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू म्हणून तिची नोंद झाली. 2010 पासून भारतासाठी 58 सामन्यांत 52 गोल, असा तिचा हिशेब क्लबनं तेव्हा जाहीर केला.

आता वयाकडे बघा. पंधराव्या वर्षी भारताची जर्सी मिळाली, आणि हा करार झाला तो तिशी पूर्ण व्हायला काही दिवस उरले असताना. स्ट्रायकरच्या पायांची सगळ्यात वेगवान वर्षं या दोहोंच्या मधे गेली. त्या काळात तिला फुटबॉल सोडावा लागला नाही, यात खात्याच्या नोकरीचा वाटा मोठा आहे.

पुढे कोरोनानं मैदानं बंद पडली. 6 डिसेंबर 2020 ला मदरवेलविरुद्ध तिचा रेंजर्ससाठीचा पहिला अधिकृत गोल झाला आणि त्यानंतर काही महिन्यांतच गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनं तिला थांबवलं. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा बराच जास्त असतो आणि तो तुटला की परत यायला बहुधा नऊ महिने ते वर्ष लागतं. हा धोका कमी करायला फिफानं वीस मिनिटांचा सराव आखून दिलाय : हळू धावणं, प्लँक, एका पायावर तोल, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं. यासाठी साहित्य लागत नाही, खर्च येत नाही. आपल्या शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनी तो खेळापूर्वी रोज करून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

दरम्यान चित्र थोडं पालटलंय. विमेन्स लीग 2016-17 मध्ये सुरू झाली, तेव्हा ती काही आठवड्यांत आटोपायची. 2023-24 च्या मोसमात सात क्लब घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळले. प्रत्येक क्लबनं किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3.2 लाख रुपयांचा करार द्यावा, असं भारतीय फुटबॉल महासंघानं 2023 मध्ये ठरवलं. पंजाबच्या मनीषा कल्याणनं 2021 मध्ये ब्राझीलविरुद्ध गोल केला आणि पुढच्याच वर्षी, विशीत, ती सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. बालाला जे तिशीच्या उंबऱ्यावर मिळालं, ते मनीषाला दहा वर्षं आधी मिळालं. जुलै 2025 मध्ये भारतानं थायलंडला 2-1 असं हरवून आशिया चषकाची पात्रताही मिळवली.

यात बीडची मुलगी कुठे आहे? दिवाळीच्या सुमारास आई-बाप कोयता घेऊन उसाच्या फडावर निघतात. मुलगी एक तर सोबत जाते, नाही तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते. फुटबॉलचा मोसम भरात येतो तो याच महिन्यांत. म्हणून सुरुवात वसतिगृहांपासून व्हायला हवी. तिथे दोन चेंडू, एक जाणती प्रशिक्षक आणि तालुक्या-तालुक्यांत हंगामभर चालणारी मुलींची छोटी लीग असावी. दुसरी गरज नोकरीची. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहेच. मात्र नोकरी मिळाल्यावर तिला सरावाची वेळ आणि संघ देणं खात्याच्या हातात आहे. मणिपूरच्या पोलिसांनी ते करून दाखवलं. उद्या बीडची एखादी मुलगी आठशे मीटर पळून वर्दी मिळवेल, तेव्हा तिच्या हजेरीपटात फुटबॉलच्या सरावाची वेळही लिहिलेली असली पाहिजे.

(पुढच्या आठवड्यात : रेफरी व्हायचं तर काय करावं लागतं?)