दार नसलेल्या गावात, दार असलेली खोली

शनिशिंगणापूरला तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. दारं नसलेल्या घरांसमोर फोटोही काढला असेल. शनिदेव राखण करतो, म्हणून कडी-कुलूप नको, ही इथली जुनी श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेनं इथे शाखा उघडली, तीही बिनकुलपाची. पोलिस ठाणं आलं ते थेट २०१५ मध्ये.

घरातल्या सामानाचं ठीक आहे. पण मनातल्या गोष्टींचं काय? आपल्याकडे तुम्ही कोणाच्या गाडीवर बसलात, हे संध्याकाळपर्यंत घरी पोचतं. अशा ठिकाणी समुपदेशकाकडे जाणं सोपं नाही. बरं, गेलात तरी त्याच मॅडम उद्या सोनईच्या बाजारात तुमच्या आईशेजारी भाजी घेताना दिसू शकतात. त्या काही बोलल्या तर?

इथेच कामाला येते ती 'बाउंडरी', म्हणजे समुपदेशकानं पाळायची मर्यादा. चांगल्या समुपदेशक बाजारात स्वतःहून ओळख दाखवत नाहीत. तुम्ही हसलात तर हसतात, नाहीतर पुढे जातात. तो तुटकपणा वाटेल, पण ओळख द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं असतं.

'मॅडम एवढ्या जवळच्या, मग मैत्री का नाही?'

'डिअर जिंदगी' (२०१६) आठवा. शेवटच्या सेशनला कायरा मनातलं बोलते आणि डॉ. जहांगीर खान नातं तिथेच थांबवतो. बघताना वाईट वाटतं, पण तो बरोबर वागतो. कोणी पाऊण तास न टोकता ऐकून घेतलं, तर त्या माणसाबद्दल ओढ वाटणारच. सिग्मंड फ्रॉइडनं १९१५ मध्येच यावर लेख लिहिलाय. असं वाटण्यात तुमची काही चूक नाही. सांभाळायचं मात्र समोरच्यानं. कारण तुमचं सगळं त्यांना माहीत असतं, त्यांचं तुम्हाला जवळजवळ काहीच नाही. हे नातं बरोबरीचं नसतं.

म्हणूनच इन्स्टाग्रामवर फॉलो नाही, महागडं गिफ्ट नाही, उसने पैसे नाहीत. आत्या किंवा वर्गशिक्षिका समुपदेशक असली, तरी शक्यतो दुसरीकडेच जायचं. उद्या तिलाच तुमचे मार्क द्यायचे असतील, तर तुम्ही मोकळेपणानं काय बोलणार?

कायदा तुमच्या बाजूनं

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २३ उपचारांबद्दलची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. अपवाद मोजके आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढीच माहिती सांगता येते. कलम २४ नुसार तुमचा फोटो किंवा माहिती तुमच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. सेवेत त्रुटी असेल, तर कलम २८ नुसार आधी केंद्राच्या प्रमुखाकडे आणि तिथे समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.

पहिल्याच दिवशी विचारा

लाजू नका. मी सांगितलेलं कोणाला कळेल? घरच्यांना कधी कळवाल? नोंदी कुठे ठेवता? सेशनच्या मधे फोन केला तर चालेल का? फी किती? उत्तर देताना समोरची व्यक्ती चिडली, तर दुसरीकडे जा. आणि कोणी रात्री उशिरा खासगी मेसेज करत असेल, नको तसा स्पर्श करत असेल, 'हे आपल्यातच ठेव' म्हणत असेल, तर ते उपचार नाहीत. जायचं थांबवा, विश्वासातल्या माणसाला सांगा, मेसेज डिलीट करू नका.

मग एक खरा प्रश्न उरतो. मर्यादा पाळणाऱ्या मॅडम रात्री दोनला फोन उचलणार नाहीत. तेव्हा काय? १४४१६ लावा. केंद्र सरकारची ही 'टेली मानस' हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. त्याच क्षणी फोन करा, घरातल्या कोणाला तरी उठवा.

मॅडमनी रात्री फोन उचलला नाही, म्हणजे त्यांना तुमची काळजी नाही असं होत नाही. ठरलेल्या वेळी त्या पूर्ण तुमच्यासाठी हजर असतात, आणि उरलेल्या वेळी कुठे जायचं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवायला हवं. नसेल सांगितलं, तर पुढच्या वेळी तोच पहिला प्रश्न विचारा.