देवळालीचा ताप आणि वसंतांतली बीअर

इंग्रजी बोलींत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. डोकें फिरलेल्या, भ्रमिष्टासारखें वागणाऱ्या माणसाला तो लावतात. हा शब्द सहज उच्चारणाऱ्या कित्येक इंग्रजांस हें ठाऊकही नसतें कीं, तो नाशिकच्या शेजारच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता, आणि त्यांतला 'टॅप' म्हणजे आपला साधा 'ताप'.

ब्रिटिश सरकारनें १८६१ सालीं देवळालीस लष्करी छावणी वसविली. हिंदुस्थानांतल्या नोकरीची मुदत भरलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत येथें राहत. परंतु हीं जहाजें मुंबई बंदरांतून साधारणपणें नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळांत सुटत. ज्याची मुदत मार्चनंतर भरली, त्याला पुढचा सबंध उन्हाळा आणि पावसाळा छावणींतच काढावा लागे. हातीं काम थोडें, घराची ओढ मोठी आणि वर तळपतें ऊन. कोणी दारूच्या नादीं लागे, कोणाला हिवताप गांठी, आणि कांहींचें चित्त खरोखरच ढळे. मराठी घरांत फाल्गुन लागला म्हणजे होळीची आणि पाडव्याची चाहूल लागते. त्या शिपायाला मात्र फाल्गुन म्हणजे शेवटचें जहाज निघून गेल्याची खूण होती.

हाच शब्द २००९ सालीं पुण्यांत एका पाटीवर झळकला. महाराष्ट्रांतली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जेथें बनवावयाची तेथेंच ताजी विकावयाची अशा बीअरचें लहानसें गृह, 'डूलॅली' या नांवानें सुरू झाली. देवळालीचें नांव असें विलायतेस जाऊन, बिघडून, पुन्हां घाटावर परत आलें! त्यानंतर पुण्यामुंबईकडे अशीं आणखी पुष्कळ ठिकाणें निघालीं. तेथें एका फळ्यावर आठ-दहा नांवें लिहिलेलीं असतात, आणि पाहुणा गोंधळतो. थंडी ओसरून ऊन तापूं लागलें म्हणजे यांपैकीं कोणती मागवावी? प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं, कारण बीअर आणि ऋतु यांचा संबंध फार जुना आहे.

बीअर म्हणजे धान्याचें आंबवण. जवाला मोड आणून तो भट्टींत वाळवला म्हणजे त्याचा माल्ट होतो. मोड येतांना दाण्यांत अशीं द्रव्यें उत्पन्न होतात कीं, जीं त्यांतल्या पिष्टाची साखर करूं शकतात. हा माल्ट भरडून सुमारें ६५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत तासभर मुरवतात. मग गोड पाणी गाळून घेऊन तें हॉप्स नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात, निववतात आणि त्यांत यीस्ट सोडतात. यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायु निर्माण करतें. यीस्टच्याही दोन जाती आहेत. एल जातीचें १५ ते २२ अंशांत खुषींत असतें, तर लागर जातीला ८ ते १२ अंशांचा गारवा मानवतो. इडलीचें पीठ वैशाखांत रातोरात फुगून भांड्याबाहेर येतें आणि पौषांत सकाळपर्यंत हालत नाहीं, हें जी गृहिणी जाणते, तिला यापुढची हकीकत अर्धीअधिक समजलीच.

बव्हेरियांत १५१६ सालीं एक सुप्रसिद्ध कायदा झाला. बीअरमध्यें जव, हॉप्स आणि पाणी यांवांचून दुसरें कांहीं घालावयाचें नाहीं, असें त्यानें ठरविलें. यीस्टचा त्यांत उल्लेख नाहीं, कारण तें काय असतें हेंच त्या काळीं कोणाला उमगलें नव्हतें. प्रस्तुत विषयाला त्याहून महत्त्वाचा आहे तो १५५३ चा हुकूम. २३ एप्रिलपासून २९ सप्टेंबरपर्यंत बीअर करण्यास त्यानें मनाई केली. उन्हाळ्याच्या हवेंत ती नासे, आंबट होई. म्हणून मार्चमध्यें थोडी कडक बीअर करून थंड तळघरांत ठेवीत आणि तीच उन्हाळाभर पुरवीत. 'मेर्त्सन' या तिच्या नांवांत मार्च महिन्याचेंच नांव आहे. बेल्जममधले शेतकरीही हिवाळ्यांत 'सेझों' नांवाची बीअर करून ठेवीत, ती उन्हाळ्यांत शेतावर राबणाऱ्या मजुरांस देण्यासाठीं. पाश्चर यांनीं १८७६ सालीं बीअरवर ग्रंथ लिहून ती कां नासते हें दाखविलें, त्याच सुमारास लिंडे यांचें शीतयंत्र निघालें, आणि बीअरवरची पंचांगाची सत्ता संपली.

देवळालीच्या शिपायांच्या प्याल्यांत काय असे, याबद्दल एक गोड गैरसमज रूढ आहे. इंडिया पेल एल ही बीअर हिंदुस्थानांतल्या सैनिकांसाठीं मुद्दाम शोधून काढली, असें सांगतात. वस्तुतः फिकट एल इंग्लंडांत आधींपासून होती. लंडनजवळच्या बो येथील हॉजसन यांनीं ती अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांस विकावयास आरंभ केला, आणि १८२० नंतर बर्टन गांवच्या कारखानदारांनीं तो व्यापार बळकावला. बर्टनच्या पाण्यांत जिप्समचा अंश अधिक असल्यानें हॉप्सचा कडवटपणा तेथें खुलून येई. केपला वळसा घालून हिंदुस्थान गांठण्यास चार ते सहा महिने लागत. एवढ्या प्रवासांत बीअर टिके ती हॉप्सच्या जोरावर, कारण त्यांतलीं कडू द्रव्यें आंबट करणाऱ्या जंतूंस वाढूं देत नाहींत. पण ही बीअर साहेबलोकांच्या टेबलावरची. बराकींतल्या शिपायाच्या वांट्यास पुष्कळदां येई ती काळी पोर्टर.

गंमत अशी कीं, प्रवासासाठीं नांवाजलेली ही इंडिया पेल एल आज मुळींच प्रवास सोसत नाहीं. आजकाल हॉप्स घालतात ते मुख्यतः सुगंधासाठीं, आणि तो सुगंध कांहीं आठवड्यांतच उडूं लागतो. तेव्हां ती घ्यावयाची झाल्यास जेथें बनली तेथेंच घ्यावी आणि केव्हां बनली हें विचारण्यास संकोचूं नये. तथापि माघाच्या गार रात्रीं ती जितकी शोभते तितकी चैत्राच्या दुपारीं शोभत नाहीं. तिचा कडवटपणा उन्हांत जिभेवर जड होतो.

फाल्गुन-चैत्राला साजणारी बीअर म्हणजे गव्हाची. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरमध्यें निम्म्याहून कमी गहूं चालत नाहीं. ती गाळून स्वच्छ केलेली नसते, म्हणून गढूळ दिसते. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि नवखा मनुष्य खात्रीनें सांगतो कीं, यांत केळें घातलें आहे. केळेंही नसतें आणि लवंगही नसते. दोन्ही करामती यीस्टच्या. बेल्जमची 'विट' ही तिची धाकटी बहीण. हींत मात्र खरोखरच धणे आणि कडू संत्र्याची साल पडते. ही जात नामशेष झाली होती; १९६० च्या दशकांत पिएर सेलिस यांनीं हुगार्डन गांवीं तिचें पुनरुज्जीवन केलें. धण्यांची ओळख ज्या देशांत जन्मापासून असते, तेथें ती लोकप्रिय व्हावी यांत नवल नाहीं. सेझों कोरडी, फसफसती आणि किंचित् मिरीच्या झाकेची असते. भेळ किंवा तळलेला बोंबील पुढें असेल तर तिला तोड नाहीं. जर्मनीच्या गोझ्लार गांवाची 'गोझ' तर मीठ घालून करतात. पुण्याच्या ग्रेट स्टेट एल वर्क्सनें त्याच वळणावर कोकम आणि मीठ घातलेली बीअर काढली होती. कोंकणांतल्या कोकम सरबताची ज्याला संवय आहे, त्याला ती चव परकी वाटण्याचें कारण नाहीं.

बाजारांतल्या बाटल्यांत मात्र कडक बीअरचाच खप अधिक, आणि तिच्यांत अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असतें. उन्हाळ्याच्या तोंडावर हिच्याहून वाईट निवड नाहीं. अल्कोहोल शरीरांतलें पाणी लघवीवाटे बाहेर काढतें. म्हणून बीअरनें तहान भागते ही समजूत खोटी आहे, आणि कडक बीअरच्या बाबतींत तर घातक आहे. ५ टक्क्यांच्या आंतली एक प्याली, सायंकाळीं, जेवणाबरोबर, आणि शेजारीं पाण्याचा तांब्या, एवढें पुरेसें आहे. देवळालीच्या तापांत उन्हाचा वांटा किती आणि प्याल्याचा किती, हें कोणी मोजलें नाहीं, पण दोन्ही एकत्र नसावेत हें खरें. येथें हेंही ध्यानांत असावें कीं, १९४९ चा दारूबंदीचा कायदा या राज्यांत अद्याप जिवंत आहे, आणि पिणाऱ्याजवळ सरकारी परवाना असावा अशी त्याची अपेक्षा आहे. परवान्यावांचून पिणारे किती, हा प्रश्न येथें न विचारलेला बरा.

राहतां राहिली एक गोष्ट. नाशिकची कीर्ति द्राक्षांची. माघ-फाल्गुनांत येथील द्राक्षें वाइनसाठीं तोडतात, आणि त्या वाइनला नाशिकचें म्हणून स्वतःचें नांव मिळालें आहे. बीअरला तसें मिळालेलें नाहीं, कारण जव, हॉप्स आणि यीस्ट हें सारें दुसरीकडून येतें. मग ज्वारीची बीअर कां नसावी? अडचणी खऱ्या आहेत. ज्वारीच्या दाण्याला जवासारखें टरफल नसतें, त्यामुळें गोड पाणी गाळतांना चोथा घट्ट बसतो. तिच्या माल्टांत साखर करणारीं द्रव्यें कमी, आणि तिचें पिष्ट विरघळण्यास उष्णताही अधिक लागते. परंतु दक्षिण आफ्रिकेंत ज्वारीची आणि मक्याची बीअर घरोघर करण्याची परंपरा आहे, आणि नायजेरियानें १९८८ सालीं जवाचा माल्ट बाहेरून आणण्यास बंदी केली तेव्हां तेथील मोठमोठ्या कारखान्यांनीं ज्वारीवरच काम भागविलें. महाराष्ट्रांतला कोणी उद्योगी मनुष्य यामागें लागला, तर धान्यासाठीं त्याला लांब जावें लागणार नाहीं. रब्बीची ज्वारी खळ्यावर येते, तीही याच दिवसांत.