जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनांतील ‘भावार्थ’ आणि ‘तारण’

कोल्हापूर व त्याच्या दक्षिणेस बेळगांव, सावंतवाडी आणि गोमंतक या मुलखांत जुनीं दप्तरें चाळणाऱ्या संग्राहकाच्या हातीं एखादें निनांवी ओवीबद्ध पान येतें. त्यांत भावार्थ, मुक्ति, वैकुंठ हे शब्द दिसतांच तें वैष्णव पोथीचें समजून बाजूस ठेवलें जाण्याचा संभव असतो. परंतु तें ख्रिस्ती ग्रंथाचेंहि असूं शकेल. ख्रिस्ती श्रद्धेची व उद्धाराची शिकवण मराठींत दोन निरनिराळ्या काळीं दोन पंथांनीं आणिली, व दोघांनीं शब्द वेगळे निवडले. ते शब्द ओळखतां आल्यास कागदाची परीक्षा सोपी होते, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम मूळ शिकवण पाहूं. आद्यपुरुष आदाम याच्या आज्ञाभंगानें मनुष्यजात पापांत पडली. स्वतःच्या पुण्याईनें तिला सुटतां येईना. म्हणून ईश्वरपुत्रानें देह धारण करून क्रुसावर प्राण दिला. हा उद्धार ईश्वरी कृपेनें मिळतो व श्रद्धेनें स्वीकारावयाचा असतो. येथें मुक्ति म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यांतून नव्हे, तर पापापासून व त्याच्या दंडापासून सुटका. येथवर उभय पंथांचें एकमत आहे. पुढें रोमन कॅथॉलिक पंथ श्रद्धेबरोबर बाप्तिस्मादि संस्कारांस व सत्कर्मांस स्थान देतो. प्रॉटेस्टंट पंथाच्या मतें मनुष्य केवळ विश्वासानें नीतिमान् ठरतो, सत्कर्में हें त्या विश्वासाचें फळ होय.

पहिला काळ गोमंतकांतील. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला. साष्टी प्रांतांत राहून त्यानें रचलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्याचे दोन भाग असून अनुक्रमें ३६ व ५९ अध्याय आणि एकंदर सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. देवनागरी ठशांच्या अभावीं मराठी मजकूर रोमन अक्षरांत छापावा लागला. स्टीफन्सनें श्रद्धेस ‘भावार्थ’, श्रद्धावंतास ‘भावार्थी’ व स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटलें. निष्ठायुक्त भाव या अर्थीं ‘भावार्थ’ शब्द संतवाङ्मयांत पूर्वींच रुळलेला होता. पुराणश्रवणाची संवय असलेल्या श्रोत्यांस तो परका वाटण्याचें कारण नव्हतें.

या ग्रंथाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन छापील आवृत्त्यांपैकीं एकीचीहि प्रत आज उपलब्ध नाहीं. गोव्यांत १६८४ सालीं देशी भाषेच्या विरुद्ध सरकारी हुकूम निघाला. तथापि कानडा प्रांतांतील ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, व त्यांवरून सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास आवृत्ति काढिली. पुढें लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतीचा परिचय जस्टिन ॲबट यांनीं १९२३ सालीं करून दिला. रोमन पाठांतील पोर्तुगीज व लॅटिन शब्दांच्या जागीं या प्रतींत अनेक ठिकाणीं संस्कृत व मराठी शब्द आढळतात. केवळ परभाषेचे शब्द नाहीत म्हणून पान ख्रिस्ती नव्हे, असा निर्णय करणें यामुळेंच धोक्याचें ठरतें.

दुसरा काळ अमेरिकन मिशनांचा. मुंबईस त्यांनीं नवा करार १८२६ सालीं मराठींत छापिला. कोल्हापुरास रॉयल वाइल्डर हे १८५२ सालीं आले. या परंपरेंत ‘विश्वास’, ‘तारण’ व ‘तारणारा’ हे शब्द रूढ झाले. मात्र ‘मुक्ति’ या एका शब्दावर भिस्त ठेवूं नये. पंडिता रमाबाई प्रॉटेस्टंट असूनहि केडगांव येथील त्यांच्या संस्थेचें नांव ‘मुक्ति’ असेंच आहे. सारांश, ईश्वरपुत्राच्या कथेसह ‘भावार्थी’ आल्यास गोमंतकी परंपरेचा, आणि ‘विश्वास’ व ‘तारण’ जोडीनें आल्यास मिशनच्या परंपरेचा तर्क करावा. निर्णय मात्र कागद, लिपि व विषय पाहूनच द्यावा.

संग्राहकांस विनंति कीं, रोमन अक्षरांत मराठी ओव्या असलेलें पान परभाषेचें म्हणून टाकूं नये, बाडांतून सुटें करूं नये, व तें कोणत्या गांवीं आणि कोणत्या कागदांत मिळालें हें टिपून ठेवावें. जो ग्रंथ तीनदां छापला जाऊनहि केवळ हस्तलिखितांच्या आधारें वांचला, त्याचें फाटकें पानहि मोलाचें आहे.