एडन, मुंबई आणि कॅप्टन हेन्स: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकाला क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं नाव आहे. १८८३ मध्ये अरबस्तानातल्या एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला, हे शाळेपासून आपल्याला ठाऊक असतं. पण त्यांना एडनलाच का नेलं? याचं उत्तर स्टॅफर्ड हेन्स या मुंबईच्या आरमारी अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत आहे.

गैरसमज: एडन म्हणजे लंडनहून चालणारी परकी वसाहत.

वस्तुस्थिती: १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे. म्हणजे फडके यांना देशाबाहेर नेलं, तरी ते मुंबई सरकारच्याच कैदेत राहिले.

गैरसमज: एडन ब्रिटनच्या रॉयल नेव्हीने जिंकलं.

वस्तुस्थिती: हेन्स ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमारातला अधिकारी. १८३० मध्ये याच दलाचं नाव ‘इंडियन नेव्ही’ झालं. ‘पॅलिन्युरस’ जहाजावरून त्याने अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याचं सर्वेक्षण केलं. दोरीला शिशाचं वजन बांधून ते पाण्यात सोडायचं, तळ लागला की खोली मोजायची आणि आकडा नकाशावर मांडायचा, असं हे काम. म्हणून एडनच्या बंदराची त्याला बारकाईने माहिती होती. १९ जानेवारी १८३९ च्या हल्ल्यात रॉयल नेव्हीची दोन जहाजं होती खरी, पण तिथल्या सुलतानाशी बोलणी करणारा हेन्स आणि किनाऱ्यावर उतरलेली फौज, दोन्ही मुंबईचे होते.

गैरसमज: एका जहाजाच्या लुटीचा बदला म्हणून एडन घेतलं.

वस्तुस्थिती: १८३७ मध्ये एडनजवळ फुटलेलं ‘दर्या दौलत’ जहाज लुटलं गेलं, हे खरं. पण ते निमित्त होतं. खरी गरज कोळशाची होती. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझला गेली, तेव्हा वाटेत एडनला तिला कोळसा भरावा लागला. आगबोटींची टपाल सेवा चालवायची तर वाटेवर हक्काची वखार हवी होती.

गैरसमज: हेन्सने खजिना लुटला म्हणून त्याला तुरुंगवास झाला.

वस्तुस्थिती: एडन घेतल्यावर तिथला कारभार हेन्सच पाहत होता. त्याच्या हाताखाली एडनची वस्ती काही शेकड्यांवरून १८४९ पर्यंत सुमारे १९ हजारांवर गेली. हिशेब ठेवायला पुरेसे कारकून मात्र नव्हते. १८५४ मध्ये सुमारे २८ हजार पौंडांची तूट निघाली आणि त्याला मुंबईत बोलावलं. अफरातफरीच्या आरोपातून ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. तरी सरकारने ती रक्कम त्याच्याकडून येणं धरून त्याला कर्जदार म्हणून सुमारे सहा वर्षं कोंडलं. १८६० मध्ये सुटका झाली आणि काही दिवसांतच मुंबई बंदरातल्या जहाजावर तो वारला.

दुसऱ्याचं बंदर तोफा डागून घेणाऱ्या हेन्सला थोर ठरवायचं कारण नाही. पण त्याला चोर म्हणणं खोटं आहे, आणि ज्या सरकारसाठी तो राबला त्याने त्याच्यावर अन्यायच केला. एडनचा इतिहास मात्र मुंबईच्या इतिहासातून वगळता येणार नाही. तो आपल्या पाठ्यपुस्तकात फडके यांच्या धड्याशेजारीच यायला हवा.