वीस सांतीमचे तिकीट

छंद म्हटला की पैसा लागतो, असा आमच्या घरी समज आहे. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे वापरलेली तिकिटे मी वहीत का चिकटवतो, हे घरी समजावून सांगणे सोपे नव्हते. माझ्याजवळ फ्रान्सची एकतीस तिकिटे आहेत. पण ज्याची हकीकत सांगायची आहे, ते मी केवळ चित्रात पाहिले आहे.

फ्रान्सचे पहिले टपाल तिकीट १ जानेवारी १८४९ रोजी निघाले. त्यापूर्वी पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाराच देई आणि अंतराप्रमाणे दर वाढे. मुलगा जितका दूर कामाला जाई, तितकी त्याची खुशाली आईबापांना महाग पडे! १८४८ च्या क्रांतीत राजा लुई फिलिप गेला, प्रजासत्ताक आले आणि त्या सरकारने साडेसात ग्रॅमपर्यंतच्या पत्राला देशभर वीस सांतीम, म्हणजे फ्रँकचा पाचवा हिस्सा, असा एकच दर ठरविला.

तिकिटावर चेहरा कोणाचा घालावा? राजा तर उरला नव्हता. झाक-झां बार या कलावंताने धान्याची रोमन देवता सेरेस कोरली. शेतकऱ्याच्या घरातल्या मला ही निवड फार आवडली. एक चूक मात्र झाली. तिकीट काळे, शिक्काही काळा. तो नीट दिसेना आणि वापरलेले तिकीट पुन्हा चिकटविण्याची भीती निर्माण झाली. म्हणून वीस सांतीमची निळी तिकिटे छापली. पण जुलै १८५० पासून दर पंचवीस झाला आणि ती विक्रीस आलीच नाहीत.

१८५२ मध्ये सेरेसच्या जागी लुई नेपोलियन आला. तिकिटावर शब्द प्रजासत्ताकाचा, चेहरा मात्र सत्ताधीशाचा! पुढच्याच वर्षी तो शब्दही जाऊन तेथे 'साम्राज्य' आले. १८७० च्या युद्धात सम्राट हरला आणि सेरेस परतली. त्या वेळी पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा होता. शहरातून साठांहून अधिक बलून उडाले व त्यांतून टपाल बाहेर गेले. चार ग्रॅमपर्यंतच्या पत्राला देशात दर तोच, वीस सांतीम.

हे सारे मी आजीला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे आपल्या नॉटपेडावाणीच की!" तिचा भाऊ मुंबईला गिरणीत होता. एकदा त्याचे बिनतिकिटाचे पत्र आले. पोस्टमनने नियमाप्रमाणे दुप्पट पैसे मागितले. घरात तेवढेही नव्हते. पत्र परत गेले. त्यात काय लिहिले होते, ते तिला कधीच कळले नाही.

त्या काळ्या तिकिटाच्या चित्रावर बोट ठेवून तिने विचारले, "ह्याचं पैसं धाडणाऱ्यानंच भरायचं?"

मी हो म्हटले.

"मग बरं केलं त्यांनी," ती म्हणाली. तेव्हापासून या वहीबद्दल घरात कोणी काही विचारत नाही.