सुट्टीतलं ऑपरेशन आणि दमेकऱ्याची छाती

बहरीनच्या पश्चिम किनाऱ्यावर, सौदीला जोडणाऱ्या किंग फाहद पुलाजवळ जनाबिया ही वस्ती आहे. जून-जुलैत वायव्येकडून शमाल वारा सुटला की इराककडची बारीक धूळ इथवर येते आणि दमेकऱ्यांचे पंप बाहेर निघतात. पाठोपाठ शाळांना सुट्टी लागते, इथली मराठी कुटुंबं गावी जातात आणि रखडलेलं हर्नियाचं किंवा पित्ताशयाचं ऑपरेशन याच सुट्टीत उरकायचं ठरतं. मग घरात चर्चा सुरू होते: दमा आहे, पूर्ण भूल झेपेल का?

बहुतेकांना झेपते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९६ साली भूल दिलेल्या ७०६ दमेकऱ्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. श्वासनलिका आवळल्या गेल्या त्या फक्त १२ जणांच्या. सेव्होफ्लुरेनसारखा भुलीचा वायू तर श्वासनलिका सैलच करतो. (डेस्फ्लुरेन मात्र झोंबरा, दमेकऱ्यासाठी तो सहसा टाळतात.) जपायचं ते घशातून नळी घालताना आणि काढताना.

भुलीचा फुप्फुसाच्या प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम मात्र या आवळण्यापेक्षा संथ असतो. श्वासनलिकेच्या आत सूक्ष्म लव असते. कफ, धूळ, जंतू ती सतत घशाकडे लोटत राहते. भुलीमुळे आणि कोरड्या वायूमुळे ती मंदावते, खोकला थांबतो, फुप्फुसाचा खालचा भाग थोडा मिटतो. वायुकोशांत जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात. जपानी भूलतज्ज्ञांनी ऑपरेशन चालू असतानाच फुप्फुसाचा एक भाग सलाइनने धुऊन त्या बाहेर काढल्या. १९९८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: तास उलटतील तशी या पेशींची गिळण्याची ताकद घटते, आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूखाली ती शिरेतून द्यायच्या प्रोपोफॉलपेक्षा जास्त घटते. हा अभ्यास दम्यावरचा नव्हता, हे ध्यानात ठेवलेलं बरं. पण दमेकऱ्याच्या नलिका आधीच सुजलेल्या असतात आणि कफ चिकट असतो. तिथे लव मंदावली की कफ साचायला वेळ लागत नाही.

त्यात विमानात लागलेली सर्दी. विषाणूची सर्दी बरी झाली तरी श्वासनलिका काही आठवडे हुळहुळ्याच राहतात. म्हणून तातडीचं नसलेलं ऑपरेशन भूलतज्ज्ञ चार-सहा आठवडे पुढे ढकलू पाहतात. सुट्टी तर मोजकीच! मग 'जरासं नाक वाहतंय, ते काय सांगायचं' म्हणून गोष्ट दडवली जाते. दम्याइतकीच मला या दडवण्याची भीती वाटते.

दुसरी खोड पंपाची. पंपातल्या स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती उतरेल, जखम चिघळेल, म्हणून काहीजण ऑपरेशनच्या आधी पंप परस्पर बंद करतात. दम्याची सूज त्यामुळे वाढतेच. दमा आटोक्यात नसेल तर डॉक्टर स्वतःच आधी काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, आणि एवढ्या छोट्या कोर्सने जखमा चिघळण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. 'रात्रीपासून उपाशी राहा' म्हटल्यावर सकाळचा पंप चुकवणारेही असतात. उपासाचा नियम पंपाला लागू नाही. तो नेहमीसारखा ओढायचा आणि थिएटरकडे नेताना सोबत द्यायचा.