कार्बोरेटर साफ केला, तरी आरएक्स १०० तापते का?

पावसाळाभर पनवेलमध्ये झाकून ठेवलेली यामाहा आरएक्स १०० बाहेर निघते. किका मारून पाय दुखतो, गाडी सुरू होत नाही. मेकॅनिक कार्बोरेटर साफ करतो, गाडी चालू. पण खोपोली रस्त्याला फुल थ्रॉटल दिला की इंजिन तापतं, ओढ कमी होते. का?

कारण गाडी तीच आहे, पेट्रोल बदललंय.

ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ दरम्यान बनली. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला आता इंधन थोडं जास्त हवं. नव्या गाड्यांत हा हिशोब सेन्सर करतो. कार्बोरेटरला कोण सांगणार? पितळी जेटचं भोक जेवढं, तेवढंच इंधन जातं आणि मिश्रण ‘लीन’ होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. टू-स्ट्रोकमध्ये हे फार वाढलं तर चालत्या गाडीत पिस्टन जाम होतो, मागचं चाक लॉक होतं. अशा वेळी आधी क्लच दाबायचा.

इथेनॉल पाणीही ओढतं. खाडीजवळच्या दमट हवेत उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचू शकतं, तेच कार्बोरेटरच्या वाटीत उतरतं. म्हणून नुसतं फुंकून भागत नाही. ओ-रिंग, गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह नवे टाकावेत. आणि जेट तारेने कोरू नये! भोक मोठं झालं की त्यावरच्या नंबरला अर्थ उरत नाही.

मग जेट. आयडलिंगला पायलट जेट काम करतो, मधल्या थ्रॉटलला नीडल, पाऊणच्या पुढे मेन जेट. तक्रार फुल थ्रॉटलची असेल तर मेन जेट एकच नंबर मोठा टाकायचा, थोडं पळवून प्लग बघायचा. पांढरा म्हणजे लीन, काळाकुट्ट म्हणजे इंधन जास्त, फिकट तपकिरी म्हणजे जमलं. एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदलला असेल तर ही कसरत पुन्हा.

एक्सप्रेसवेवर दुचाकींना बंदी, त्यामुळे लोणावळ्याला जुन्या रस्त्यानेच जायचं. वर हवा विरळ, म्हणून तीच गाडी जास्त धूर सोडते. ‘जेट लहान कर’ हा सल्ला तिथे फुकट मिळतो. तो ऐकून खाली पनवेलला उतरलं की गाडी पुन्हा लीन.